काळ्या मातीतले गुलाब

मृगाचे दोन-चार सडाके पडले की आमच्या हदगावच्या गल्ल्यांतून रोपांची गाडी फिरू लागते. जास्वंद, मोगरा, पेरू, आंबा आणि पुढच्या रांगेत गुलाब. आंध्रातल्या कडियमसारख्या नर्सरींच्या गावांतून अशी रोपे देशभर जातात. मुळाशी लाल चिकणमातीचा गोळा आणि शेंड्याला एखादे उमललेले फूल. हा काळा, हा दुरंगी, हा पिवळा, असे सांगत गाडीवाला रोप हातात देतो आणि आपण फूल पाहून ते घेतो. दिवाळीपर्यंत रोप बरे दिसते. वैशाखात ते वाळते, किंवा जगलेच तर दोन-तीन वर्षांनी भलतेच फूल देते. मग घरोघरी एकच निकाल ऐकू येतो: आपल्या मातीत गुलाब येत नाही.

गुलाब येतो. आमच्या घरामागच्या छोट्या जागेत आज सहा जातींचे गुलाब आहेत आणि त्यातले सर्वांत जुने झाड बारा वर्षांचे आहे. पहिली चार झाडे मात्र माझ्या हातून गेली. ती का गेली, हे शोधताना जे कळले ते इथे क्रमाने सांगतो. सार एवढेच, की खत आणि औषध हातात घेण्याआधी गुलाबाकडे नीट बघायला शिकावे लागते.

एका रोपात दोन झाडे

विकत घेतलेला जवळजवळ प्रत्येक गुलाब म्हणजे दोन झाडांचा जोड असतो. खाली खुंट असतो, काटक आणि जोमदार मुळांचा. त्याच्या सालीला छेद देऊन त्यात हव्या त्या जातीचा डोळा भरतात आणि वरून पट्टी गुंडाळतात. डोळा धरला की खुंटाचा वरचा भाग कापून टाकतात. त्यानंतर मुळे खुंटाची आणि फांद्या-फुले जातीची. बुडाजवळ खोडावर गाठीसारखा फुगवटा दिसतो, तोच हा जोड. रोप घरी आणल्यावर सर्वांत आधी तो शोधावा.

खुंटाला स्वतःच वर यायचे असते. जोडाखालून त्याचा फुटवा निघतो. तो लांबसडक, सरळ, वरच्या फांद्यांपेक्षा जोमदार. बघणाऱ्याला वाटते, झाडाने जोर धरला. माझेही तसेच झाले. गडद लाल फुलाचे एक रोप मी आणले होते. दुसऱ्या पावसाळ्यात बुडातून दोन ताज्या फांद्या आल्या. त्या मी जपल्या आणि वरच्या खुरटलेल्या फांद्या छाटून टाकल्या. तिसऱ्या वर्षी झाडावर लहान, फिकट, विरळ पाकळ्यांची फुले आली. रोप विकणाऱ्याने फसवले, असे मी कितीतरी दिवस म्हणत होतो. एक दिवस बुडाची माती उकरून पाहिली तेव्हा समजले, की वरची जात केव्हाच मेली होती आणि मी दोन वर्षे खुंटाला पाणी घालत होतो.

सात दलांचे पान रानटी आणि पाच दलांचे पान चांगल्या गुलाबाचे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. या खुणेवर विसंबू नये, कारण चांगल्या जातींच्या जोमदार फांद्यांवरही सात दलांची पाने येतात. भरवशाची खूण एकच: फुटवा जोडाच्या वरून निघाला की खालून? खालून असेल तर माती बाजूला करून तो जिथून निघाला तिथूनच ओढून उपटावा. नुसता कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून तो दुपटीने फुटतो.

जोड जमिनीच्या वर दोन-तीन इंच राहील असेच रोप लावावे. थंड देशांतल्या पुस्तकांत तो मातीत पुरायला सांगितलेला असतो, पण तो सल्ला बर्फापासून बचावासाठी आहे. आपल्या भारी मातीत पुरलेला जोड पावसाळ्यात कुजतो. काडी रोवून वाढवलेल्या गावठी गुलाबाला मात्र हा प्रश्नच नाही. त्याची मुळे आणि फांद्या एकाच झाडाच्या असतात, त्यामुळे बुडातून येणारा फुटवाही त्याचाच असतो.

गुलाबाचा वापसा

हदगावची जमीन काळी. मे महिन्यात तिच्या भेगांत हात जातो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तीच चिभडून पायाला चिकटते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती फुगली की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळे गुदमरतात. ती आक्रसली की बारीक मुळे तुटतात. गुलाबाला दोन्ही सोसत नाही.

आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: वापसा. जमिनीत ओल आहे आणि हवाही खेळते आहे, अशी ती स्थिती. पेरणी जशी वापसा पाहून होते, तसे गुलाबाचे पाणीही वापसा पाहूनच द्यावे. आळ्यातली माती दोन-तीन इंच उकरायची आणि मुठीत दाबायची. लाडू वळला आणि बोटाने दाबताच फुटला, तर वापसा आहे, पाणी नको. लाडू चिकट राहिला, बोटाला लागला, तर ओल जास्त आहे. लाडू वळलाच नाही, तर आळे भरून पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी घालण्याने वरची माती ओली राहते आणि खालची मुळे तहानलेली, म्हणून पाणी द्यायचे तेव्हा पोटभर द्यावे.

खड्डा मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खणून उन्हात तापू द्यावा. भरताना एक भाग काळी माती, एक भाग मुरमाड माती किंवा जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत घ्यावे, वरून दोन मुठी निंबोळी पेंड. भारी जमिनीतला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो, म्हणून हे मिश्रण भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच राहील असे भरावे. माझी पहिली दोन झाडे सपाट खड्ड्यात बुडून गेली.

तिसरे झाड लाल गोळ्याने नेले. मुळाभोवतीची घट्ट लाल माती आणि बाहेरची आपली माती यांचा पोत वेगळा. त्यांच्या सीमेवर पाणी अडखळते, आळे ओले दिसते आणि गोळा आतून कोरडाच राहतो. मुळेही गोळ्यातच गोल गोल फिरतात. लावण्याआधी गोळा बादलीत तासभर भिजवावा, बाहेरची माती हलक्या हाताने धुऊन मुळांची टोके मोकळी करावीत आणि ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी रोप लावावे.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते ती चुनखडीची. गुलाबाला किंचित आम्ल माती आवडते, तर आपली माती आणि बोअरचे पाणी बहुधा दुसऱ्या टोकाला असतात. अशा मातीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू झाला तर कारण वेगळे, तिथे बहुधा नत्र कमी पडलेले असते किंवा पाणी साचलेले असते. म्हणून पान पिवळे दिसताच खत घालू नये. आधी कोणते पान पिवळे झाले ते पाहावे. लोहाची उणीव असेल तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे. कायमचा उपाय मात्र शेणखत आणि साठवलेले पावसाचे पाणी हाच.

ऑक्टोबरात सोयाबीनची रास झाली की भुसा गावात हवा तेवढा मिळतो. त्याचा तीन इंचांचा थर आळ्यात पसरावा, खोडापासून चार बोटे जागा सोडून. या थराखाली वापसा जास्त दिवस टिकतो आणि उन्हाळ्यात भेगा पडत नाहीत.

कोणता गुलाब कसा वागतो

गुलाबाच्या जाती हजारोंनी आहेत. घरच्या बागेसाठी कुळे ओळखता आली तरी पुरे. लांब दांड्यावर सहसा एकच मोठे फूल देणारा तो हायब्रीड टी. झुबक्याने फुलणारा तो फ्लोरिबंडा. पान, फूल, काटा सगळेच लहान असलेला तो मिनिएचर, ज्याला आपण बटण गुलाब म्हणतो. आणि मांडवावर चढणारा वेली गुलाब.

युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले गुलाब तिकडे पोहोचले आणि त्यांच्या संकरातून पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण आला. १८६७ मध्ये फ्रान्समध्ये आलेला 'ला फ्रान्स' हा पहिला हायब्रीड टी मानला जातो. आपल्या अंगणातला बारमाही गुलाब त्याच घराण्यातला.

आपल्याकडे हे काम मनापासून केले ते डॉ. बी. पी. पाल यांनी. ते गव्हाचे शास्त्रज्ञ. १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. गव्हाच्या कामाइतक्याच निष्ठेने त्यांनी गुलाबांचे संकर केले. 'दिल्ली प्रिन्सेस' आणि 'डॉ. होमी भाभा' या त्यांच्याच जाती. पुढे एम. एस. वीरराघवन यांनी आयएएसची नोकरी सोडून कोडईकॅनॉलला उष्ण हवेत टिकणाऱ्या गुलाबांचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांनी ईशान्येकडचा 'रोझा जायगँटिया' आणि नदीकाठच्या ओलीत तग धरणारा 'रोझा क्लिनोफायला' असे आपल्याच देशातले रानगुलाब वापरले. आपल्या हवेला सोसेल अशी जात शोधणाऱ्याला हे काम फार जवळचे वाटेल.

आता माझ्या अंगणातले गुलाब. 'ग्लॅडिएटर' १९५५ सालचा, लाल, लांब दांड्याचा, काटक. महाराष्ट्रात शेतातही लावतात. जानेवारीत त्याचे फूल तळहातभर होते आणि एप्रिलमध्ये तेच झाड निम्म्या आकाराचे फूल देते. झाड बिघडलेले नसते. उष्णतेने कळीची वाढ घाईने उरकते आणि पाकळ्यांना भरायला वेळच मिळत नाही.

'क्वीन एलिझाबेथ' १९५४ सालचा, गुलाबी. तो माणसाच्या उंचीला पोहोचतो, म्हणून मागच्या रांगेत लावावा. पुढे लावला तर बाकीच्यांचे ऊन खातो. 'आइसबर्ग' १९५८ सालचा, पांढरा फ्लोरिबंडा, काटे कमी. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच सुचवतो. 'डबल डिलाइट' १९७७ सालचा, सायीच्या रंगाचा आणि कडेने लाल. त्याची लाली उन्हाने चढते. सावलीत उमललेले फूल फिकट राहते आणि उन्हातल्या फुलावर दिवसागणिक लाल रंग आत पसरत जातो. एकाच झाडाची दोन फुले शेजारी धरली की हे डोळ्यांना दिसते.

गावठी गुलाब या एका नावाखाली दोन-तीन वेगळी झाडे आपल्याकडे नांदतात. अत्तरासाठी उत्तर भारतात लावला जाणारा दमास्क गुलाब मुख्यतः वसंतात एकदाच भरभरून फुलतो. बूरबों बेटावरच्या, म्हणजे आजच्या रीयुनियनच्या गुलाबाचा वंशज असलेला एडवर्ड गुलाब बरेच महिने फुलत राहतो. दोन्ही गुलाबी आणि दोन्ही सुगंधी. आपल्याकडचा कोणता, ते वर्षभर फुलांच्या तारखा लिहिल्या की उमगते.

सुगंधाची परीक्षा सकाळी घ्यावी, ऊन अंगावर येताच. दुपारच्या उन्हात वास उडून जातो. दुकानातल्या गुलाबाला वास का नसतो, याचा एक धागा २०१५ मध्ये हाती लागला. फ्रान्समधील संशोधकांनी 'पापा मेयाँ' या सुगंधी जातीची बिनवासाच्या जातीशी तुलना केली आणि सुगंध घडवणारे एक विकर सुगंधी जातीच्या पाकळ्यांत फार सक्रिय असल्याचे दाखवले. टिकाऊ दांड्याची फुले निवडत गेलो, तेव्हा वास मागे राहून गेला.

एक कळी, जवळून

गावठी गुलाबाची न उमललेली कळी हातात घ्या आणि उलटी धरा. बुडाशी पाच हिरवी निदले दिसतील. त्यांच्या कडा नीट पाहा. दोन निदलांच्या दोन्ही कडांना दाढीसारखे बारीक पिसारे असतात. दोघांच्या दोन्ही कडा साफ. पाचव्याच्या एका कडेला दाढी असते आणि दुसरी कड मोकळी. यावरून युरोपात पाच भावांचे जुने कोडे आहे, दोघे दाढीवाले, दोघे बिनदाढीचे आणि एक अर्ध्या दाढीचा. कारण साधे आहे. कळीत निदले एकमेकांवर चढलेली असतात. जी कड दुसऱ्याखाली झाकलेली असते तिला दाढी फुटत नाही आणि जी उघडी राहते तिला फुटते. दोन निदले पूर्ण बाहेर, दोन पूर्ण आत आणि एक अर्धे आत.

आता पूर्ण उमललेल्या फुलाच्या मध्याकडच्या पाकळ्या एकेक अलग करा. शेवटच्या काही पाकळ्या आखूड आणि वाकड्या असतात आणि एखादीच्या कडेला पिवळा परागकोश चिकटलेला सापडतो. रानगुलाबाला पाकळ्या पाचच असतात. बागेतल्या गुलाबाच्या जास्तीच्या पाकळ्या पुंकेसरांपासून घडलेल्या असतात, आणि तो बदल अर्धवट राहिला की अशी पाकळी मिळते.

काट्याकडेही पाहा. लिंबाचा काटा पानाच्या बगलेतून निघतो आणि मोडताना फांदीचे लाकूड ओरबाडले जाते. गुलाबाचा काटा नुसता सालीवर उभा असतो. अंगठ्याने बाजूला दाबला की स्वच्छ निखळतो आणि मागे गुळगुळीत वण राहतो.

छाटणी आणि दिवसांचा हिशोब

बारमाही गुलाबाची प्रत्येक नवी फांदी फुलावर संपते. छाटणीचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे. नवी फांदी फुटली तरच नवे फूल.

मुख्य छाटणी पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात. आधी आठवडाभर पाणी तोडावे. वाळलेल्या, आत वळलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढून टाकाव्यात. चार-पाच चांगल्या फांद्या दीड-दोन फुटांवर ठेवाव्यात. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. डोळा बाहेरचा असला की फांदी बाहेर जाते आणि झाडाच्या पोटात वारा खेळतो. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावावी, म्हणजे शेंड्याकडून खाली वाळत येणारा रोग शिरत नाही. मग शेणखत, पेंड आणि पाणी. माझ्या वहीत छाटणी ते पहिले फूल हे अंतर बहुतेक वेळा ४० ते ५० दिवसांचे आहे. नाताळच्या सुमारास फुले हवी असतील तर मागे मोजत यावे.

फूल सुकले की नुसते मुंडके खुडू नये. दांड्यावरून खाली यावे आणि पाच दलांच्या पहिल्या चांगल्या पानाच्या वर कापावे. वरच्या तीन दलांच्या पानांच्या बगलेतले डोळे दुबळे असतात. सुकलेले फूल ठेवले तर झाडाचा जोर फळ आणि बी भरण्यात जातो. गुलाबाचे फळ पाहायचे असेल तर एखादे मुद्दाम राखावे, बाकीची काढावीत.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा कठोर छाटणी करू नये, कारण पानेच फांद्यांना उन्हापासून झाकतात. माझे चौथे झाड एप्रिलच्या छाटणीने गेले, उघड्या पडलेल्या फांद्या भाजून काळ्या झाल्या. दुपारपुरती हिरवी जाळी बांधावी. हलकी छाटणी पहिल्या पावसानंतर करावी.

पानावरच्या खुणा

पावसाळ्यात पानांवर झालरदार कडांचे काळे ठिपके येतात, पान पिवळे होऊन गळते. या बुरशीचा बीजाणू रुजायला पान सलग सुमारे सात तास ओले राहावे लागते. म्हणून पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावे, पानांवर नको, आणि गळलेली पाने उचलून टाकावीत. थंडीत कोवळ्या शेंड्यांवर पिठासारखा थर दिसला तर ती भुरी. दाट, वारा नसलेल्या झाडावर ती आधी येते.

मार्चनंतर पाने निस्तेज, बारीक ठिपक्यांची दिसली तर पान उलटून पाहावे. खाली बारीक जाळे असेल तर लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याची जोरदार फवारणी सकाळी दोन-तीन दिवस केली की तो आटोक्यात येतो. पाकळ्यांच्या कडा तपकिरी होऊन कळी अडकली तर फूल पांढऱ्या कागदावर झटकावे. फुलकिडे असतील तर कागदावर तुरुतुरु पळताना दिसतात. 'आइसबर्ग'वर हे सर्वांत आधी दिसते.

एक खूण मात्र आनंदाची. पानाच्या कडेला कात्रीने कापावा तसा नीट अर्धगोल दिसला तर औषध शोधू नये. हे काम एका एकांड्या मधमाशीचे. ती पानाचा तुकडा नेऊन पिल्लांच्या घरट्याला अस्तर लावते. झाडाचे काही बिघडत नाही.

वही

हे सगळे मला एका शंभर पानी वहीने शिकवले. प्रत्येक झाडाला एक पान. लावल्याची तारीख, छाटणीची तारीख, पहिली कळी, पहिले फूल, फूल किती दिवस टिकले, सकाळचा वास, कोणता रोग कोणत्या महिन्यात. वर्षाच्या शेवटी वही उघडली की गाडीवाल्याने सांगितलेल्या नावापेक्षा जास्त कळते. आपल्या अंगणात कोणती जात टिकते, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. तुमच्या विहिरीचे पाणी, तुमच्या भिंतीची सावली आणि तुमची माती त्या पुस्तकात नसते.

म्हणून विनंती एवढीच. यंदा दहा रोपे घेऊ नका, दोन घ्या आणि त्यांतले एक गावठी असू द्या. वीतभर उंच मातीत लावा आणि त्याच संध्याकाळी वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: तारीख, जात, आणि कलमी रोप असेल तर जोड जमिनीपासून किती इंच वर आहे.